क्रँक-अप टॉवरच्या (एकात एक सरकणाऱ्या टप्प्यांच्या, दोराने वर-खाली होणाऱ्या टॉवरच्या) वायर रोपला, म्हणजे तारांच्या दोराला, साधं ग्रीस लावलं तर चालेल का?

नाही, घट्ट ग्रीस थापू नका. पेडांच्या आत झिरपणारं, वायर रोपसाठीचंच पातळ वंगण वापरा. ग्रीस वरच राहतं, धूळ धरतं, आणि खाली अडकलेल्या ओलाव्याने दोर आतून गंजतो, बाहेरून कळतही नाही. टॉवर पूर्ण खाली घ्या, मळ पुसा, मग फडक्याने वंगण चोळा. विंचच्या (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) दात्यांना मात्र ग्रीसच हवं. पण विंचच्या ब्रेक-चकत्यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नका, ब्रेक घसरला तर टॉवर धाडकन खाली येईल. अर्थात तारा तुटलेल्या, चेपलेल्या किंवा गंजाने खाल्लेल्या असतील तर वंगणाचा उपयोग नाही, दोर बदला. आणि कृपा करून उंचावलेल्या टॉवरवर चढू नका, दोर तुटला तर सरकत्या टप्प्यांत हातपाय चिरडतात.