तेलकट खाल्ल्यामुळेच मुरुमे येतात का?

आपण विचारले आहे की तेलकट खाणे सोडल्यास मुरुमे जातील का. ताटातले तेल थेट चेहऱ्यावर येत नाही. त्वचेवरचा तेलकटपणा तिथल्याच तैलग्रंथींतून येतो. अधिक लक्ष साखरेकडे द्यावे, कारण शीतपेये, मिठाई, पांढरा पाव यांमुळे रक्तातील साखर झपाट्याने वाढते, तिच्यामागोमाग इन्सुलिन आणि आयजीएफ-१ ही संप्रेरके वाढतात आणि त्यांच्या प्रभावाने तैलग्रंथी अधिक स्राव करू लागतात, रोमछिद्राच्या तोंडाशी पेशी साचून ते बुजते. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, १२ आठवडे रक्तातील साखर हळूहळू वाढू देणारा आहार घेतलेल्या तरुणांची मुरुमे इतरांपेक्षा अधिक कमी झाली. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, संबंधही काही पाहण्यांत दिसला आहे, मात्र तो सर्वांना लागू पडत नाही. व्यायामासोबत व्हे प्रोटीनची (दुधातल्या प्रथिनांची) भुकटी सुरू केल्यावर पाठीवर, खांद्यांवर पुरळ उठले असेल, तर ती काही आठवडे थांबवून पाहावी. मुरूम आतल्या आत तयार व्हायला बरेच दिवस लागतात, त्यामुळे आहारातील बदलाला दोन-तीन महिने तरी द्यावेत. मात्र खोल, दुखऱ्या गाठी येऊन व्रण राहत असतील, तर तेवढेही न थांबता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.