वाचकांचे प्रश्न : गॅस गीझर बसवताना आणि पहिल्यांदा सुरू करताना

प्रश्न : आम्ही पुण्यात नव्या सदनिकेत राहायला आलो आहोत आणि चौघांच्या आंघोळीसाठी सिलिंडरवर चालणारा, मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गीझर घेतला आहे. बाथरूमला काचपट्ट्यांची खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा असल्यामुळे गीझर आतच बसवावा आणि सिलिंडर तेवढा बाहेर ठेवावा, असे प्लंबरचे म्हणणे आहे. ड्राय बाल्कनीत बसवायचा तर भिंतीला भोक पाडून बारा फूट नळी न्यावी लागेल. आत बसवला तर चालेल का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : चालणार नाही. भिंत फोडायचा खर्च करावा, नळीतले थोडे गार पाणी रोज वाया जाऊ द्यावे, पण गीझर बाल्कनीतच बसवावा.

याचे कारण साध्या हिशेबाने समजते. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचे तर सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम मोठे करून ठेवल्यासारखे झाले. त्यासाठी गीझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस पूर्ण जळायला जवळपास 12 घनमीटर हवा लागते. सहा फूट बाय चार फूट क्षेत्रफळाच्या आणि आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाच घनमीटरही हवा नसते. दहा मिनिटांच्या एका आंघोळीला दोन घनमीटर हवा खर्च होते. चौघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या, तर जितकी हवा लागेल तितकी त्या खोलीत मुळातच नाही. हवा कमी पडू लागली, की ज्योत विझण्याच्या बरीच आधी गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते, आणि मग शरीराला प्राणवायू पोहोचवणे त्याला जमत नाही.

या वायूला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडरमधल्या गॅसला जो उग्र दर्प येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो आणि ते रसायन ज्योतीत जळून जाते. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे’ हा सर्वसाधारण समज येथे उपयोगाचा नाही. गळलेला गॅस नाकाला कळतो, जळलेला कळत नाही. दर हिवाळ्यात बाथरूममध्ये बेशुद्ध पडून दगावलेल्यांच्या ज्या बातम्या येतात, त्यांत ठणठणीत तरुण माणसे असतात, ती यामुळेच.

आता आपल्या प्लंबरच्या दोन्ही मुद्द्यांविषयी. काचपट्ट्यांची खिडकी उन्हाळ्यात उघडी असते. डिसेंबरमध्ये गार वारा येतो म्हणून तिच्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला किंवा फटींत वर्तमानपत्र कोंबलेले किती घरांत दिसते, ते आपणही पाहिले असेल. पंख्याचे तर त्याहून विचित्र आहे. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, पण दार बंद असताना बदली हवा यायला पुरेशी वाट नसेल, तर तो गीझरच्या धूरनळीतून वर जाणारे गरम वायूच उलटे खोलीत खेचू शकतो. पंखा आंघोळीची वाफ काढण्यासाठी असतो. धूर काढण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. आपल्याकडचा तांब्याचा बंबसुद्धा मधोमध धुराडे घेऊनच येई आणि शक्यतो परसात पेटवला जाई.

ड्राय बाल्कनीची जागा निवडतानाही थोडे तारतम्य हवे. स्लायडिंग काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही बाल्कनी राहत नाही, ती आणखी एक लहान खोली होते. तेथे गीझर लावायचा तर काचांचा काही भाग कायमचा उघडा ठेवावा लागेल. धूरनळीचे तोंड उघड्यावर काढावे, शयनगृहाच्या किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीखाली नको. पुष्कळ फिटर ही नळी इमारतीच्या सामाईक डक्टमध्ये सोडून मोकळे होतात. त्या डक्टमध्ये वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. नळी कंपनीने सांगितलेल्या व्यासाचीच असावी, मध्येच बारीक केलेली नसावी. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी किंवा धातूची नळी वापरावी, कारण साधी पांढरी यूपीव्हीसी नळी उष्णतेने मऊ पडते. सिलिंडर उभा, हवेशीर जागी ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरलाच ‘टी’ जोडून गीझरची नळी काढणे हा प्रकार मुळीच करू नये. तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी दीड मीटरहून लांब नसावी आणि तिच्यावर छापलेली मुदत पाहून ती पाच वर्षांनी बदलावी.

प्रश्न : गीझर बसवून फिटर निघून गेला, सुरू कसा करायचा ते त्याने दाखवले नाही. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, टाकी लगेच डोक्यावर आहे. नळ उघडल्यावर टिक-टिक आवाज येतो, कधी ज्योत लागते, कधी लागत नाही. परवा तर भक्कन आवाज होऊन पेटली. यात धोका आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भक्कन पेटणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. ठिणगी पडण्यापूर्वी गॅस आत साचला आणि मग एकदम पेटला, असा त्याचा अर्थ आहे. कारणे सहसा दोन असतात : ठिणगीसाठीचे मोठे सेल उतरलेले असतात किंवा पाण्याचा दाब काठावर असतो. या गीझरमध्ये पाण्याचा दाब एका पातळ रबरी पडद्याला ढकलतो आणि पडदा हलला तरच गॅसची झडप उघडते. टाकीचा तळ आणि गीझर यांत दोन-तीन मीटरचे अंतर नसेल, तर तो पडदा धरसोड करतो. आपल्याकडे हीच शक्यता अधिक दिसते. टाकी उंचावर नेणे किंवा लहान प्रेशर पंप बसवणे हे त्यावरचे उपाय आहेत. गॅसचा नॉब मोठा करून काहीही साधत नाही.

पहिल्यांदा सुरू करण्याचा क्रम पाण्यापासून धरावा. गॅसचा कॉक बंद ठेवून गरम पाण्याचा नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, म्हणजे नळीतली हवा, वाळू आणि सिमेंटचे कण निघून जातील. नंतर गीझरच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवावी, कारण नव्या इमारतीत ती पहिल्याच दिवशी भरते. मग नवे सेल घालावेत. त्यानंतर गॅस उघडून, पाणी बंदच ठेवून, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावावा आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजूनही आहेत. कोणत्याही सांध्याला बुडबुडे आले नाहीत, तर गॅसचा नॉब कमी ठेवून पाणी सोडावे. नव्या नळीत हवा असल्याने पहिल्या एक-दोन वेळा ज्योत लागणार नाही. अशा वेळी नळ बंद करून मिनिटभर थांबावे, साचलेला गॅस उडून जाऊ द्यावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. लागोपाठ नळ उघडझाप केली, की तोच भक्कन आवाज पुन्हा ऐकू येतो.

ज्योत लागली, की गीझरवरच्या लहान खिडकीच्या काचेतून ती पाच मिनिटे शांतपणे पाहावी. ती निळी आणि आखूड असली पाहिजे. पिवळी, लांब, डुलणारी ज्योत दिसली किंवा पत्र्यावर काजळी धरू लागली, तर गीझर बंद करून कंपनीचा माणूस बोलवावा. सगळे नीट असेल, तर शेवटी पाणी चालू असतानाच गॅसचा कॉक बंद करून ज्योत विझते का ते पाहावे आणि तो कॉक घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावा.

प्रश्न : आमच्या ठाण्यातील इमारतीत आता पाइप गॅस आला आहे. सिलिंडरचा गीझर त्यालाच जोडता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जसाच्या तसा नाही. सिलिंडरचा गॅस प्रोपेन-ब्युटेनचा असतो आणि रेग्युलेटरमधून तो 30 मिलिबार दाबाने येतो. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन असून घरगुती जोडणीत त्याचा दाब 21 मिलिबार असतो. दोन्हींसाठी बर्नरच्या जेटची, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोके वेगळी लागतात. कंपनी जेट बदलून देत असेल तर तसे करावे, नाहीतर पाइप गॅससाठीचाच गीझर घ्यावा. भोक पिनेने मोठे करून देणाऱ्या कारागिराला दारातूनच परत पाठवावे. घरातल्या गॅसच्या पाइपमध्ये फेरफार करायचा तर तो गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावा.

प्रश्न : गीझर बाथरूममध्येच आहे. गेल्या आठवड्यात दोनदा आंघोळीनंतर सासूबाईंचे डोके दुखून मळमळले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 98 दाखवले, म्हणून पित्त समजून गोळी दिली. आणखी काही पाहायला हवे का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : गीझर आजच बंद करावा आणि सासूबाईंना आजच डॉक्टरांकडे न्यावे. घरगुती ऑक्सिमीटरला प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. दोन्ही त्याला लालच दिसतात. म्हणून 98 हा आकडा या बाबतीत काहीच सांगत नाही. डॉक्टरांना गॅस गीझरचा उल्लेख अगदी सुरुवातीला करावा, म्हणजे रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन) तपासायचे की नाही ते त्यांना ठरवता येईल. डोके फक्त आंघोळीनंतर दुखते आणि मोकळ्या हवेत उतरते, असे आढळत असेल, तर तेही सांगावे.

असे कोणी बाथरूममध्ये कोसळले, तर आधी दार उघडावे किंवा तोडावे, माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणावे, गॅस बंद करावा आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी; तोंडावर पाणी मारण्यात वेळ घालवू नये. गॅसचा वास येत असेल, तर विजेचे बटण दाबू नये आणि घराबाहेर पडून 1906 या गॅस गळतीच्या क्रमांकावर कळवावे. गीझर पुन्हा सुरू करायचा तो बाथरूमबाहेर हलवून आणि धूरनळी बसवल्यावरच.