एल्फांच्या तलवारी आणि सातपूरची भट्टी

गेल्या अंकात टोल्किन यांच्या एल्फ-पुराणातल्या तलवारींवर मी पानभर लिहिलं, तेव्हा संपादकबाईंनी विचारलं होतं, "काका, हे नाशकात वाचणार कोण?" पत्रांचा गठ्ठा आता त्यांच्याच टेबलावर पडलाय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: टोल्किन हे ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक. एल्फ म्हणजे त्यांनी कल्पिलेली, म्हातारपण न येणारी, हातात कसब असलेली जमात. ऑर्क हे त्यांचे क्रूर, राक्षसी शत्रू. त्यांच्या भाषा, राजघराणी, भाऊबंदकी, सगळं या एका माणसानं रचलं. पहिली कादंबरी 'द हॉबिट' (नायक बिल्बो) १९३७ची, मोठी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ची, आणि मूळ पुराणकथा ('द सिल्मरिलियन') त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली मुलानं संपादून छापल्या. मी सातपूरच्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमधून (तापवून-गार करून पोलाद कडक करण्याचा कारखाना) निवृत्त झालेला माणूस, तेव्हा उत्तरांना भट्टीचा वास येणारच.

प्रश्न: काका, बिल्बोची छोटी तलवार ऑर्क जवळ आले की निळी चमकते. मग सिनेमात गॅन्डाल्फ या जादूगाराची का नाही चमकत? तीपण एल्फांचीच ना? आणि खरं पोलाद निळं होऊ शकतं का?
(अकरावीतली वाचक, इंदिरानगर)

पुस्तकात चमकते. ग्लॅमड्रिंग (गॅन्डाल्फची), ऑर्क्रिस्ट (बुटके नावाच्या, धातूकामात तरबेज जमातीच्या राजाची) आणि बिल्बोची स्टिंग, तिन्ही गोंडोलिन नावाच्या लपलेल्या एल्फ-नगरीत ऑर्कांशी लढायला घडवलेल्या. गुहेत ऑर्कांचा म्होरक्या मारल्यावर ग्लॅमड्रिंग निळ्या ज्वाळेसारखी उजळते असं स्पष्ट लिहिलंय. सिनेमावाल्यांनी ते सोडून दिलं, त्याला पुस्तकात आधार नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मी खूश. पोलाद निळं होतं, रोज होतं. कडक केलेला तुकडा पुन्हा तापवायला घेतला की साधारण २२०-२३० अंशांना गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३००च्या आसपास सुरेख निळा. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, त्याचा हा खेळ. जुने लोहार थर्मामीटरशिवाय या रंगांवरच काम करायचे. फक्त हे निळं उजेडात दिसतं, अंधारात चमकत नाही. अंधारात आपणहून उजळायचं तर पोलाद ५०० अंशांच्या वर न्यावं लागतं, आणि तेव्हा ते लाल दिसतं, निळं नाही.

एक गंमत बघ. लपून बसायचंय आणि हातातली तलवार दिव्यासारखी पेटलीय, तर शत्रूलाही ती दिसणारच. गॉलम नावाच्या विचित्र प्राण्याच्या गुहेत तिचा उजेड मंद पडलेला असतो, त्यावरून बिल्बो ओळखतो की ऑर्क अगदी जवळ नाहीत. म्हणजे ती शस्त्रापेक्षा मीटर म्हणून जास्त कामाची. मारामारी तो फार करतच नाही.

प्रश्न: मुलगा नववीत आहे, या पुस्तकांच्या नादी लागलाय. वाढदिवसाला ऑनलाइन मिळणारी "खरी" एल्फ तलवार मागतोय. घ्यावी का?
(एक वडील, सिडको)

नको. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद धारदार पातं घरकाम, शेती, कारखाना यांसाठी नसेल, तर शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं. तरीही घ्यायचीच असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. शोभेच्या बहुतेक तलवारी स्टेनलेसच्या, आणि मुठीच्या आत पात्याचा शेपटा आखूड, त्याला बारीक सळई वेल्ड केलेली. भिंतीवर ठीक. मुलानं एकदा जोरात फिरवली की पातं वेल्डातून तुटून समोरच्याच्या अंगावर जातं. ओळखीच्या सुताराकडून सागवानी करून घ्या, मुलाला रंगवू द्या. तलवारीवरची एल्फ अक्षरं तो स्वतःच काढेल, त्या लिपीचे तक्ते या पोरांना तोंडपाठ असतात.

प्रश्न: तुम्ही लिहिलंत की एका एल्फानं आकाशातून पडलेल्या लोखंडाची तलवार केली. असं खरोखर होतं का?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, गंगापूर रोड)

होतं, आणि आपल्याकडे झालंय. १६२१ साली जालंधरजवळ उल्का पडली. जहांगीर बादशहानं ती खणून आणवली, वजन भरलं १६० तोळे. उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला हुकूम झाला: तलवार, खंजीर, सुरी कर. दाऊदनं हातोडा मारला तर लोखंड फुटायला लागलं. मग त्यानं तीन भाग उल्केचं आणि एक भाग साधं लोखंड असा मेळ घातला आणि पाती घडवली. बादशहानं हे सगळं आपल्या रोजनिशीत नोंदवलंय. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. इजिप्तच्या तुतनखामन राजाच्या ममीवरचा लोखंडी खंजीरही उल्केचाच. २०१६ साली क्ष-किरणांनी तपासला तेव्हा त्यात सुमारे ११ टक्के निकेल निघालं. जमिनीतल्या खनिजापासून काढलेल्या जुन्या लोखंडात एवढं निकेल सापडत नाही.

आता आपल्या धंद्याचं. उल्केच्या लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच. कार्बन नाही म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होणार नाही. वर गंधक, फॉस्फरस असेल तर घणाखाली भेगा. दाऊदनं साधं लोखंड मिसळलं ते लाड म्हणून नव्हे. टोल्किन मात्र म्हणतात, एओल या एल्फानं उल्केतून घडवलेली अँग्लाखेल ही तलवार जमिनीतून काढलेलं कुठलंही लोखंड कापायची. मी ते पान वाचताना मान हलवतो आणि पुढे जातो. पुराण आहे, टेस्ट सर्टिफिकेट नाही.

आणि हो, लोणारचं विवर अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या धडकेनंच झालंय, पण तलवारीपुरतं लोखंड मिळेल या आशेनं तिकडे जाऊ नका.

प्रश्न: त्याच तलवारीबद्दल. तूरिन तिनं आपल्याच मित्राला मारतो. दोष तलवारीचा की तूरिनचा? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत.
(वाचक कट्टा, नाशिकरोड)

आधी बाकीच्यांसाठी कथा. तलवार तीच, अँग्लाखेल; तूरिन हा पुराणकथांतला माणूस-योद्धा. एओल हा रानात एकटा राहणारा, मनात अढी धरून बसलेला एल्फ. राजा थिंगोलच्या मुलखात राहू दिल्याच्या बदल्यात त्यानं नाखुशीनं ही तलवार राजाला दिली. राणी मेलियननं ती बघताच सांगितलं की घडवणाऱ्याचं काळं मन अजून हिच्यात आहे, धरणाऱ्या हाताशी ही प्रेमानं राहणार नाही. तरी धनुर्धर बेलेगनं तीच निवडली. पुढं कैदेतल्या तूरिनच्या बेड्या अंधारात तो तिनं तोडत होता, पातं निसटलं, तूरिनच्या पायाला टोचलं. ऑर्कच छळायला आला असं वाटून तूरिननं तलवार हिसकावली आणि आपला सगळ्यात जवळचा मित्र मारला. नंतर ती पुन्हा घडवून गुर्थांग झाली: पातं काळं, धारेला फिकट आग. त्याच तलवारीनं तूरिननं ड्रॅगन मारला, आणि शेवटी तिलाच विचारलं, माझं रक्त पिशील का? तलवार बोलली: आनंदानं. हा प्रसंग टोल्किन यांना फिनलंडच्या लोककाव्यावरून सुचला. एलियास ल्योनरोट यांनी प्रसिद्ध केलेल्या 'कालेवाला'त कुल्लेर्वो असाच आपल्या तलवारीला विचारतो आणि तिच्यावर पडतो. टोल्किन विद्यार्थीदशेत त्याच कुल्लेर्वोची गोष्ट आपल्या शब्दांत लिहायला बसले होते.

माझं मत: दोष एओलचा. तट पडलेत ते दोघांत, तिसऱ्याला कुणी धरलंच नाही. आमच्या शॉपमध्ये एक गोष्ट वारंवार पाहिलीय. पोलादाला पाणी दिलं (तापवून एकदम गार केलं) की ते काचेसारखं कडक होतं आणि आत ताण कोंडून राहतो. लगेच टेंपर करायला हवं, म्हणजे पुन्हा बेतानं तापवून ताण काढायला हवा. ऑपरेटर घाईत असला, शिफ्ट संपत आली म्हणून तुकडा तसाच रॅकवर ठेवून गेला, तर रात्री कुणी हात लावलेला नसताना तो टण्णकन तडकतो. कधी तडा इतका बारीक की माल पुढं जातो आणि महिन्यांनी तिसऱ्याच माणसाच्या हातात तुटतो. तो माणूस शिव्या खातो. एल्फांच्या सगळ्या जादूत मला हीच पटते. बाकी निळा उजेड वगैरे सिनेमाला बरा.

तूरिनला मी मोकळा सोडत नाही. अंधारात, समोर कोण हे न बघता त्यानं वार केला. राणीचा इशारा माहीत असूनही तीच तलवार निवडणारा बेलेगही थोडा जबाबदार. पण खटला चालवायचा तर आरोपी क्रमांक एक एओल.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आपण परक्या, आणि त्याही खोट्या, पुराणांतल्या तलवारींचं कौतुक करता. रामाच्या पंचवटीत राहून हे शोभतं का? आपल्याकडे काय कमी आहे?
(ज्येष्ठ वाचक, पंचवटी)

नमस्कार. काहीच कमी नाही, उलट आपल्याकडचं आपणच वाचत नाही हे माझं दुखणं आहे. शरपंजरी पडलेल्या भीष्मांना नकुल विचारतो, तलवार आली कुठून? आणि शांतिपर्वात भीष्म तिची जन्मकथा सांगतात, ब्रह्मदेवाच्या यज्ञातून निघाल्यापासून, तिच्या नक्षत्रासकट (कृत्तिका). टाकेदला तर आपण गेला असालच. रावणानं तलवारीनं पंख छाटल्यावर जटायू तिथं पडला असं आपण मानतो.

पण आपल्याला एक वेगळीच कथा सांगतो, याच दंडकारण्यातली. विमलसूरींचं 'पउमचरिय' हे जैन रामायण महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यात शंबूक सूर्यहास नावाच्या दिव्य तलवारीसाठी वेळूच्या बनात तप करतो. तलवार प्रकट होते, पण ती हाती पडते फिरत आलेल्या लक्ष्मणाच्या. धार बघावी म्हणून तो सहज वेळूचं बन छाटतो, आणि आत बसलेल्या शंबूकाचं मस्तक खाली येतं. शंबूक हा चंद्रनखेचा, म्हणजे आपल्या शूर्पणखेचा मुलगा. इथं वैराची ठिणगी नाकावरून नाही, तलवारीवरून पडते.

न पाहता झालेला वार, हवी त्याच्याऐवजी भलत्याच्या हाती गेलेली तलवार. तूरिन आणि बेलेगची गोष्ट वाचताना मला दर वेळी हे वेळूचं बन दिसतं. विमलसूरी ते कर्माच्या खात्यावर मांडतात, टोल्किन लोहाराच्या. दोन्ही वाचल्यानं रामाला काही उणेपणा येत नाही. आणि मांगी-तुंगीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे; राम तिथून मोक्षाला गेले असं दिगंबर जैन मानतात. पुढच्या वेळी चढाल तेव्हा ही कथा सोबत घेऊन जा.

प्रश्न: तुटलेली नार्सिल पुन्हा जोडून अँडूरिल केली. तुम्ही जोडून द्याल का?
(अंबड एमआयडीसीतला फिटर)

गड्या, नार्सिल ही मोठ्या कादंबरीतली राजघराण्याची तलवार; नव्यानं घडवल्यावर तिचं नाव अँडूरिल. सिनेमात तिचे बरेच तुकडे दाखवलेत, पुस्तकात तिचं पातं मुठीपासून फूटभर अंतरावर तुटलंय. तीच पंचाईत. वार बसला की मुठीजवळच वाकवणारा ताण जास्त, आणि सांधा नेमका तिथं. टाकणखार घालून, पांढऱ्या आचेवर घणानं जोडता येईल, पण सांध्याभोवतीचा कार्बन जळतो आणि कण जाडे होतात. मी असं करीन: दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून, जोडून, लांबवून पुन्हा पूर्ण पातं ओढायचं, मग नॉर्मलाइज (तापवून हवेत गार करणं), मग संपूर्ण लांबीला एकदम पाणी, आणि तासाभराच्या आत टेंपर. नुसती सांध्यावर रिपेअर मागाल तर जॉब परत पाठवीन. आणि एक: ती मुळात एल्फांची नव्हेच. तेल्खार नावाच्या बुटक्यानं घडवलेली, एल्फांनी फक्त नव्यानं घडवून दिली. बिल त्यांच्या नावानं फाटलं, एवढंच.