नोकरी आणि अंथरुणाला खिळलेले सासरे

प्रश्न : सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात नऊ ते सहा शिलाई करते. पक्षाघातामुळे सासऱ्यांना कूस बदलता येत नाही. पाठ लाल होतेय. नोकरी सोडू का?

उत्तर : घाई नको. दर दोन तासांनी कूस बदलायलाच हवी, त्यामुळे तुम्ही कामावर असताना शेजारच्या मावशींना पैसे ठरवून बोलवा. फुकटची मदत आठवड्यात आटते. ओढून सरकवू नका, घर्षणाने कातडी सोलते. अंगाखाली मऊ सुती चादर दुहेरी घाला, दोघींनी धरून उचला. आपली जाड सोलापुरी चादर मात्र नको, ती रुतते. लाल जागा चोळू नका. बोटाने हलकं दाबूनही लाली जात नसेल तर जखम सुरू झालीय, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जेवण बसवूनच भरवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका. मालकांकडे जेवणाची सुट्टी सासऱ्यांच्या वेळेनुसार मागा.