फुलाच्या भागांचे शास्त्रीय शब्द डोक्यात बसत नाहीत, कसे पाठ करावे?

पाठ करू नका. यादी पाठ करणारे पुष्कळ पाहिलेत, त्यांच्या हातात फूल दिलं की जायांग (फुलाच्या मधला स्त्रीकेसरांचा भाग) कोणतं ते दाखवता येत नाही. तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. फर्स्ट इयरला आहे, अपिछद (निदलपुंजाच्या बाहेरचे छद, म्हणजे फुलाच्या बुडाशी येणारी पानं, एपिकॅलिक्स), निदलपुंज (पाकळ्यांखालची हिरवी वाटी), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर), जायांग रोज वाचतो आणि परवापर्यंत सगळं साफ, आणि पुस्तक कोणतं घ्यावं. पुस्तकाचं शेवटी सांगते, आधी अपिछदाचं सांगू द्या, कारण त्या एका शब्दावरून माझं डोकं अजून तापतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर, कॉलेज तालुक्याला. माल्वेसी, म्हणजे जास्वंद-कपाशीच्या कुळाचं प्रॅक्टिकल होतं. दरवर्षी जास्वंद देतात, पण त्या दिवशी जास्वंद मिळाली नाही म्हणून शिपाईकाकांनी बाजूच्या वावरातून कपाशीची फुलं तोडून आणली. गणपती नुकतेच उठलेले, पऱ्हाटी भरात. मी जे दिसलं ते काढलं, बाहेर तीन मोठे हिरवे दातेरी छद म्हणजे अपिछद, त्याच्या आत इवलासा वाटीसारखा निदलपुंज, मग एकमेकींवर पीळ घालून बसलेल्या पाच पाकळ्या आणि मधात पुंकेसरांची नळी. जर्नल परत आलं तर "अपिछद ३" वर लाल काट आणि बाजूला "५ ते ८". सरांच्या नोट्स जास्वंदीच्या होत्या ना! जास्वंदीला पाच ते आठ असतात हे खरंच आहे, पण समोर फूल कपाशीचं ठेवलंय.

मी म्हटलं सर फूल तर बघा. सर म्हणे बाकीचे गळले असतील. सगळ्या वर्गाच्या फुलांचे बरोबर तीन सोडून बाकीचे गळले का? दुसऱ्या दिवशी मी घरून पिशवी भरून पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, नेल्या, टेबलावर ओतल्या, प्रत्येकीला तीन. तर सर म्हणतात "लोकल व्हरायटी दिसते ही." पाकिटातलं बीटीचं बियाणं, जिल्हाभर तेच पेरलेलं, आणि म्हणे लोकल! इंटर्नलचे मार्क गेले ते गेलेच. बाबांना सांगितलं तर ते तुरीतून मान वर न करता म्हणाले, "तीन नाई तं का आठ रायते? सरले म्हना एक दिवस वेचाले या." खरं आहे ते, कारण वेचणीच्या वेळी तेच छद वाळून चुरा होऊन कापसात येतात आणि व्यापारी कचरा आहे म्हणून भाव पाडतो. ज्याने कापूस वेचलाय त्याला अपिछद पाठ करावं लागत नाही, तो बोटाला माहीत असतो.

याच सरांचं म्हणणं असायचं की घरचे शब्द गेटबाहेर ठेवून यायचं, इथे सायन्स चालतं. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. सिम्पोडियल आणि मोनोपोडियल फांदी वर्गात तास तास शिकवली, कोणाला काही कळलं नाही, आणि अर्ध्या वर्गाच्या घरी गळफांदी आणि फळफांदी हे शब्द रोज वापरात. गळफांदी म्हणजे मोनोपोडियल, ती आपल्या शेंड्याने सरळ वाढत जाते, तिला थेट पाती लागत नाही. फळफांदी म्हणजे सिम्पोडियल, तिचा शेंडा प्रत्येक पेरावर पातीत संपतो, पुढची वाढ बाजूच्या डोळ्यातून होते, म्हणून ती नागमोडी दिसते. झालं, हाच तो धडा. गळफांदी लवकर खुडायची असते म्हणून गावातली माणसं ती लांबून ओळखतात. डोमकळी तुम्हाला माहीत असेलच, गुलाबी बोंडअळी आत बसून पाकळ्या विणून टाकते आणि फूल उमलतच नाही. २०१७ मध्ये अळीने विदर्भाची वाट लावली तेव्हा तिच्या मागे पाकळ्या उकलून उकलून आमच्याकडच्या पोरांनी जितकी फुलं आतून पाहिली तितकी कुठल्या लॅबमध्ये पाहिली नसतील.

तर तुम्ही घरचंच फूल घ्या, ब्लेड घ्या, आणि बाहेरून आत या. कपाशीपासूनच सुरुवात करा, कारण तिचे सगळे भाग मोठे आहेत. पुंकेसर सगळे जुळून एक नळी होते ते एकसंघ, आणि त्या नळीतून वर डोकं काढते ती कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक. हिरवं बोंड आडवं कापलं की तीन ते पाच कप्पे आणि मधल्या अक्षाला चिकटलेली बीजांडं दिसतात, अक्षलग्न म्हणतात ते हेच. मग तुरीचं फूल, वरची मोठी पाकळी ध्वज, बाजूच्या दोन पंख, खालच्या दोन जुळून नौका, आणि आत पुंकेसर नऊ एकत्र, एक सुटा. दोडक्याच्या मादी फुलाखाली आधीच एक बारकं दोडकं असतं, म्हणजे अंडाशय अधःस्थ. वांग्याची टोपी म्हणजे फळासोबत राहिलेला निदलपुंज. झेंडूचं एक फूल म्हणजे फूल नाहीच, शेकडो फुलांचं स्तबक आहे. आणि पळसाला पाने तीनच म्हणतात तिथेही पान एकच आहे, पर्णिका तीन. डोळा कुठे आहे बघायचा, तो अख्ख्या पानाच्या देठाच्या बेचक्यात सापडतो, एकेका पर्णिकेच्या बुडाशी सापडत नाही.

आता हेही सांगायला हवं की घरचा शब्द प्रत्येक ठिकाणी चालत नाही. कपाशीचं बोंड म्हणजे फळ, पण अंबाडीच्या ज्या लाल बोंडांची आपण चटणी करतो ते फळ नाही, तो मांसल निदलपुंज आहे, फळ त्याच्या आत असतं. पाती म्हणजे नुसता अपिछद नाही, आतल्या कळीसकट सगळं. त्यामुळे पेपरात पाती लिहू नका, तेवढं सरांचं बरोबर होतं. आणि सर माणूस वाईट नव्हते, शैवाल फार छान शिकवायचे, फक्त शैवालाला फूल येत नाही.

पुस्तकाचं म्हणाल तर मराठी विश्वकोशातली "फूल" ही नोंद ऑनलाइन फुकट आहे, ती आधी वाचा. एकाच भागाला दोन पुस्तकांत दोन शब्द दिसतील, कुठे पुंकेसर तर कुठे केसरदल, घाबरू नका, तुमच्या कॉलेजच्या पुस्तकात असेल तोच लिहा. जर्नल इंग्रजीत असेल तर आकृतीला दोन्ही नावं द्या, त्यालाही कोणी लाल काट मारली तर मला कळवा. कपाशीचं फूल मात्र सकाळी नुकतं उमललेलं, पिवळट असतानाच तोडा. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं, मग ओढलं की पाकळ्यांसोबत पुंकेसरांची नळीही निघून येते आणि तुम्ही पुमंग शोधत बसाल.