डोक्याला मार : दवाखान्यात थांबायचं की घरी जायचं?

प्रश्न : मुलगा ५ वर्षांचा. सायकलवरून पडला, कपाळावर टेंगूळ आहे, खेळतोय. शेजारी म्हणतात, झोपू देऊ नका.

उत्तर : झोपू द्या. हाक मारल्यावर नेहमीसारखा जागा होत नसेल, तर लगेच घेऊन या.

प्रश्न : कवटीचा एक्स-रे नॉर्मल आला. आता काळजी नाही ना?

उत्तर : एक्स-रेत हाड दिसतं, आतला रक्तस्राव नाही. तपासून घ्या.

प्रश्न : ८ महिन्यांची मुलगी काल पलंगावरून पडली. कानाच्या वर मऊ सूज आहे, पण हसते, दूध पिते. सासूबाई म्हणतात, हळदीचा लेप लावून दोन दिवस वाट पाहू.

उत्तर : लेप धुवा आणि आजच आणा. लेपाखाली सूज नीट चाचपताही येत नाही. 'हसतंय ना, मग झालं' हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकावं लागतं! तान्ह्या बाळाच्या कपाळावरच्या टेंगळाची मला फारशी धास्ती नसते. कानावरची, बाजूची किंवा मागची मऊ सूज वेगळी. तिच्याखाली हाडाला तडा असू शकतो आणि तरीही बाळ हसतं. अमेरिकेत ४२ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून २००९ साली, डोक्याला मार लागलेल्या कोणत्या मुलाला सीटी (डोक्याच्या आतलं दाखवणारा स्कॅन) लागेल, हे ठरवायचे निकष निघाले. त्यांत २ वर्षांखालच्या मुलांसाठी ही सूज धोक्याची खूण आहे. तीन फुटांहून उंचावरून पडणं, ५ सेकंद किंवा जास्त शुद्ध हरपणं, 'आज ही नेहमीसारखी नाही' असं आईला वाटणं, याही खुणा त्यातल्याच. अशी एकच खूण असेल आणि बाळ बाकी ठीक असेल, तर बहुधा मार लागल्यापासून ४ ते ६ तास आमच्या नजरेखाली ठेवलं की भागतं. खुणा जास्त असतील किंवा बाळ ३ महिन्यांहून लहान असेल, तर सीटीचा विचार लवकर करतो. तुमच्याकडे ते तास तपासणीविनाच उलटून गेले, म्हणून आता 'वाट पाहू' नको.

प्रश्न : सीटी सेंटरवर सवलत चालू आहे. परस्पर स्कॅन केला तर दाखल करण्याचा खर्च वाचेल?

उत्तर : सवलत भाजीवर घ्यावी. सीटीत किरणोत्सर्ग असतो, चिमुरड्यांना कधी गुंगीही द्यावी लागते. आधी मूल तपासू द्या; बऱ्याचदा स्कॅन लागतच नाही.

प्रश्न : ६ वर्षांचा मुलगा झोक्यावरून पडला. संध्याकाळपासून तीन उलट्या, डोकं फार दुखतंय. उलटीचं औषध देऊन सकाळी आणू का?

उत्तर : आत्ता निघा. औषध देऊ नका, आणि वाटेत काही खायला-प्यायलाही देऊ नका. गुंगी द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं.