मुलीच्या दम्यासाठी एअर प्युरिफायर घ्यावा का?

आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे, पहाटेच्या सुमारास तिला खोकल्याची उबळ येते आणि तपासणीत धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी निघाली आहे. तेव्हा तिच्या खोलीत एअर प्युरिफायर बसवावा का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात वाढलेला, लहानपणापासूनचा दमेकरी आहे, आणि माझे मत असे की हे पैसे आधी गादी-उशीवर खर्च करावेत.

हा किडा जेमतेम ०.३ मिलिमीटरचा असतो आणि आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. ते कण तुलनेने जड असल्यामुळे अंथरूण झटकले की उडतात आणि थोड्याच वेळात पुन्हा खाली बसतात. म्हणजे यंत्र कोपऱ्यात हवा गाळत राहते आणि मुलीचे नाक रात्रभर उशीत असते.

हा किडा पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो. आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो तग धरत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात त्याची चंगळ असते, आणि नेमक्या त्यानंतर दिवाळीच्या साफसफाईला गाद्या बाहेर निघतात. आमच्या अंगणात पिंजारी बसला की मला दिवसभरासाठी आत्याकडे पाठवत असत, तरी नव्याने भरलेल्या गादीवर पहिल्या रात्री धाप लागायचीच. पिंजल्याने कापूस फुगतो, धुतला जात नाही, हे मला फार उशिरा कळले. कडक उन्हाने किडे मरतात, पण त्यांची प्रथिने गादीतच राहतात.

म्हणून शक्य असल्यास मुलीची गादी आणि उशी नवी घ्यावी, आणि दोन्हींना सर्व बाजूंनी बंद होणारी, चेनची, घट्ट विणीची खोळ घालावी. विणीची छिद्रे १० मायक्रॉनपेक्षा लहान आहेत का, हे दुकानदाराला जरूर विचारावे. नेहमीचा अभ्रा या खोळीच्या वर घालावा. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : २००३ साली ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांवर झालेल्या चाचणीत नुसत्या खोळींनी काहीच फरक पडला नव्हता. मात्र २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, या किड्यांची ॲलर्जी असलेल्या मुलांवरील इंग्लंडमधल्याच चाचणीत, दमा उसळून रुग्णालय गाठण्याचे प्रसंग कमी झाले. आपली मुलगी या दुसऱ्या गटातली आहे.

चादरी, अभ्रे आणि पांघरूण आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात धुवावे. यंत्रात हीटर नसेल तर उकळते आणि नळाचे पाणी निम्मे-निम्मे घेतले की साधारण तेवढे तापमान मिळते. बादलीपासून मुलीला दूर ठेवावे. आजीची गोधडी टाकवत नसेल तर तीही याच पाण्यात जाऊ द्यावी, रंग उतरले तरी चालतील. कापडी खेळणी पिशवीत बांधून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि मग धुवावीत. आमच्याकडे मटारशेजारी अस्वल पाहून पाहुणे दचकतात.

कूलरकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याची कोरडी हवा या किड्यांचा फुकट बंदोबस्त करत असते, आणि आपणच खिडकीत कूलर लावून खोली दमट करतो. शिवाय त्याच्या जाळ्यांवर बुरशी धरते ती वेगळीच. मी कूलर बाहेरच्या खोलीत हलवला आणि झोपण्याच्या खोलीत पंख्यावर भागवले.

मच्छर अगरबत्ती आणि उदबत्ती ॲलर्जीत मोडत नाहीत, पण त्यांचा धूर दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना झोंबतोच. त्याऐवजी मच्छरदाणी लावावी आणि तीही धुवावी. गादी झटकणे आणि केर काढणे मुलगी शाळेत गेल्यावर करावे, फरशी ओल्या फडक्याने पुसावी. डॉक्टरांनी दिलेला पंप यातल्या कशामुळेही स्वतःहून बंद करू नये.

एवढे करून झाल्यावर, घरात मांजर असेल किंवा खिडकी रहदारीच्या रस्त्यावर उघडत असेल, तर हेपा फिल्टरचा (म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या गाळणीचा) प्युरिफायर घेण्यात अर्थ आहे, कारण मांजराच्या ॲलर्जीचे कण आणि धूर हवेत बराच वेळ तरंगत राहतात.